मामा, तुम्ही नक्की कोण?

दोस्तांनो, एक अगदी सोपा प्रश्न. मामा म्हणजे कोण?

‘आईचा भाऊ!’ तुम्ही लगेच सांगाल, आणि मनात म्हणाल, हा काय प्रश्न झाला? सुट्टी लागली की ज्याच्या गावाला जायचं तो मामा. बाळाचं जावळ काढताना बाळाला ज्याच्या मांडीवर बसवतात तो मामा. लग्नात नवरीला बोहल्यावर घेऊन येणारा मामा. मराठी मुलाला मामा कोण हे शिकवावं लागत नाही.

पण हाच दोन अक्षरी शब्द खिशात घालून जगात फिरायला निघा, म्हणजे गंमत सुरू होईल. पोलंडमध्ये, रशियात किंवा चीनमध्ये एखाद्या मुलाने ‘मामा!’ अशी हाक मारली, तर स्वयंपाकघरातून त्याची आई बाहेर येईल. आफ्रिकेत टांझानियात हाक मारलीत, तर रस्त्याने जाणारी कुणीही मोठी बाई ‘काय रे बाळा?’ म्हणून वळून बघेल. इराणमध्ये फारसी भाषेत मामा म्हणजे सुईण, बाळंतपण करणारी बाई. फिलिपिन्समध्ये टॅगालोग भाषेत मामा म्हणजे कुणीही अनोळखी बाप्या. तिथल्या आइस्क्रीमवाल्याला ‘मामांग सोर्बेटेरो’ म्हणतात. आपण नाही का शाळेच्या शिपायांना ‘मामा’ म्हणत, अगदी तसंच.

आणि जॉर्जियात? तिथे मामा म्हणजे चक्क बाबा!

जॉर्जिया हा काळ्या समुद्राच्या काठावरचा, कॉकेशस पर्वताच्या कुशीतला छोटासा देश. त्यांची लिपी वेगळी, गोल गोल वळणांची. भाषाही वेगळी, शेजारच्या रशियन किंवा तुर्की भाषेशी नातं नसलेली. तिथे वडील म्हणजे ‘मामा’ आणि आई म्हणजे ‘देदा’. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. तिथल्या टेकडीवर १९५८ साली एका बाईचा वीस मीटर उंच पुतळा उभारला. तिच्या एका हातात पाहुण्यांसाठी द्राक्षाच्या मद्याचा पेला आहे आणि दुसऱ्या हातात शत्रूसाठी तलवार. पुतळ्याचं नाव ‘कार्तलिस देदा’, म्हणजे जॉर्जियामाता. तिथली मुलं ज्या पुस्तकातून अक्षरं गिरवत आली, ते याकोब गोगेबाश्विली यांचं १८७६ सालचं पुस्तक, त्याचं नाव ‘देदा एना’. देदा म्हणजे आई आणि एना म्हणजे भाषा. मातृभाषा! आपली पृथ्वी त्यांच्या भाषेत ‘देदामित्सा’, म्हणजे आई-माती. राजधानीचं शहर म्हणजे ‘देदाकालाकी’, आई-शहर.

मग मामाच्या वाट्याला काय आलं? कोंबडा! कोंबड्याला जॉर्जियन भाषेत ‘मामाली’ म्हणतात. आणखी एक शब्द मला फार आवडतो. ‘दा’ म्हणजे बहीण. त्यामुळे ‘मामिदा’ म्हणजे मामाची बहीण, आणि मामा म्हणजे बाबा, तेव्हा मामिदा म्हणजे आपली आत्या. आईची बहीण ती ‘देइदा’, म्हणजे मावशी. इंग्रजीत या दोघींना एकच ‘आंटी’ पुरते. जॉर्जियन माणसाला मात्र आपल्यासारखंच आत्या वेगळी आणि मावशी वेगळी लागते. आणि आपल्या ‘मावशी’ची घडण तरी कशी आहे? संस्कृतातलं ‘मातृष्वसा’, म्हणजे आईची बहीण, झिजत झिजत मावशी झालं. हजारो किलोमीटर दूरच्या दोन भाषांनी एकाच पद्धतीने शब्द जोडला.

वडलांना मामा म्हणणारे जगात जॉर्जियन लोक एकटे नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी लाल वाळवंटात पित्जनत्जत्जारा नावाचे मूळचे रहिवासी राहतात. त्यांच्या भाषेतही मामा म्हणजे वडील. जॉर्जियाचे आणि यांचे पूर्वज एकमेकांना कधी भेटले असतील असं मुळीच वाटत नाही.

मग सगळीकडे हाच शब्द कुठून आला? आणि सगळीकडे आला, तर अर्थ वेगवेगळे का?

याचं उत्तर शोधायला पुस्तक नको, आरसा घ्या. त्यात बघत सावकाश म्हणा, ‘मामा’. ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले. जिभेने काही केलं का? काही नाही. ती खाली स्वस्थ पडून होती. आता म्हणा ‘काका’. ओठ उघडेच राहिले आणि जिभेचा मागचा भाग वर उचलला गेला. ‘दादा’ म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकलं. ‘बाबा’ म्हणताना पुन्हा ओठ.

आता मजा बघा. चिमटीत नाक घट्ट धरा आणि ‘मामा’ म्हणा. जमलं? ऐकणाऱ्याला ‘बाबा’ ऐकू येईल! तुमचा मामा एका क्षणात बाबा झाला. सर्दीने नाक चोंदलेला माणूस बोलतो तेव्हाही हेच होतं. कारण म आणि ब या दोन्ही अक्षरांसाठी ओठ सारखेच मिटतात. फरक इतकाच, की म म्हणताना घशाच्या मागच्या बाजूचा मऊ टाळू खाली येतो आणि हवेला नाकातून वाट करून देतो. ब म्हणताना तोच टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो. खरं वाटत नसेल तर छोटा गार आरसा नाकाखाली आडवा धरा आणि लांब ‘म्म्म्म’ करा. आरशावर धुकं जमेल. आता ओठ मिटून नुसतं ‘म्म्म्म’ करता करता नाक दाबा. आवाज बंद! हवेला जायला जागाच उरली नाही.

ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. नाकातून आणि तोंडातून एकाच वेळी निघणाऱ्या आवाजाला अनुनासिक म्हणायचं, असं पाणिनीने आपल्या व्याकरणात सांगून ठेवलं आहे. शाळेत आपण प, फ, ब, भ, म असं एका ओळीत म्हणतो ते उगीच नाही. हे पाचही ओठांचे आवाज आहेत, आणि त्यातला नाकाचा तेवढा शेवटी बसवला आहे.

आता पाळण्यातल्या बाळाकडे वळू. बाळाला जन्मल्यापासून एक काम उत्तम येतं, ते म्हणजे दूध पिणं. त्यासाठी ओठांचे स्नायू आधीपासून तयार असतात. जीभ टाळूला लाव, मागे ओढ, कडेने हवा सोड, असल्या कसरती त्याला बऱ्याच उशिरा जमतात. म्हणून तर ‘र’ आणि ‘ळ’ म्हणता म्हणता लहान मुलांची बोबडी वळते. सहा-सात महिन्यांचं झालं की बाळ एकच आवाज पुन्हा पुन्हा काढायला लागतं. बाबाबाबा. दादादा. मामामामा. ते कुणाला हाक मारत नसतं. स्वतःच्या तोंडातून असा आवाज निघतो याचाच त्याला आनंद झालेला असतो.

पण आजूबाजूच्या मोठ्या माणसांचं काय होतं? ‘अगं बाई, मला हाक मारली!’ असं म्हणून कुणीतरी धावत येतं आणि बाळाला उचलून घेतं. पोलंडमध्ये आई धावली, म्हणून मामा म्हणजे आई. जॉर्जियात बाबा धावले. आपल्याकडे आईचा भाऊ धावला. आवाज बाळाचा, अर्थ मोठ्यांनी लावलेला. या शब्दाचं खरं गुपित मला तरी हेच वाटतं.

हे गुपित नीट उलगडून सांगणारा एक मोठा भाषाशास्त्रज्ञ होता. त्याचं नाव रोमान याकोबसन. तो १८९६ साली मॉस्कोत जन्मला आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. १९६० साली त्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखाचा विषय एवढाच, की मुलं ‘मामा’ आणि ‘पापा’ असंच का म्हणतात? त्याच्या हाताशी जॉर्ज पीटर मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरातून जमवलेले १०७२ शब्द होते, सगळे आई आणि वडील या अर्थाचे. त्यात आईसाठीच्या शंभर शब्दांपैकी ५५ शब्दांमध्ये म किंवा न यांसारखा नाकातला आवाज होता. वडलांसाठीच्या शंभरात असे फक्त १५ निघाले.

हा फरक का पडला असावा? याकोबसनचं म्हणणं असं, की बाळ दूध पीत असताना त्याचं तोंड अडकलेलं असतं. अशा वेळी त्याला एकच आवाज काढता येतो. नाकातून, ‘म्म्म’. पुढे नुसतं दूध दिसलं तरी ते तसाच आवाज काढतं. त्याहून पुढे भूक लागली, काही हवं झालं, की ‘म्म्म’. आणि हवं ते देणारी बहुतेक वेळा आई असते. म्हणून बऱ्याच भाषांत ‘म’ आईकडे गेला.

म्हणजे ‘मामा’चा पहिला अर्थ कदाचित ‘आई’ही नसेल. तो ‘खाऊ’ असेल!

याचा पुरावा तुमच्याच घरात आहे. आपण बाळाला काय म्हणतो? ‘चला, मम्मं करायचं ना?’ मम्मं म्हणजे जेवण. तिकडे जपानमध्ये आई बाळाला भरवताना ‘माम्मा’ म्हणते. त्याचाही अर्थ जेवण. आणि जपानी मुलं खोटाखोटा स्वयंपाक मांडून खेळतात त्या खेळाचं नाव ‘मामागोतो’. त्यातलं ‘मामा’ म्हणजे जेवण. हा खेळ तुम्हाला पक्का ठाऊक आहे, कारण तो म्हणजे आपली भातुकली. तिच्याही नावात भात आहेच!

आणखी एक पुरावा एका बाबांनी लिहून ठेवला आहे. ते बाबा म्हणजे चार्ल्स डार्विन, सजीवांची उत्क्रांती कशी झाली हे समजावून सांगणारे. डिसेंबर १८३९ मध्ये त्यांना पहिला मुलगा झाला, विल्यम. डार्विन जसं गांडुळांकडे आणि वेलींकडे बघायचे, तसंच बारकाईने त्यांनी या बाळाकडे बघितलं. ते कधी शिंकलं, कधी हसलं, कशाला घाबरलं, सगळं टिपून ठेवलं. त्या टिपणांवरून त्यांनी १८७७ साली एक लेख छापला. त्यात ते सांगतात, की मुलगा बरोबर एक वर्षाचा झाला तेव्हा त्याने खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द तयार केला. तो शब्द होता ‘मम’. हा शब्द त्याला कुठून सुचला ते काही डार्विनना कळलं नाही. पण आधी भूक लागली की तो रडायचा, तो आता ‘मम’ म्हणायला लागला.

पुढची गंमत तर फार गोड आहे. साखरेला तो ‘शु-मम’ म्हणायला लागला. आणि पुढे काळा रंग म्हणजे ‘ब्लॅक’ हे शिकल्यावर ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाईचं नाव त्याने ठेवलं ‘ब्लॅक-शु-मम’. काळा-साखर-खाऊ! एवढासा मुलगा, पण शब्दाला शब्द जोडून नवा शब्द करायची युक्ती त्याला सापडली होती. आत्ताच आपण मामिदा आणि मातृष्वसा पाहिले ना? तीच ही युक्ती.

जपानचा विषय निघालाच आहे, तर एक कोडं सांगायलाच हवं. ते सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं आहे. १५१६ च्या सुमाराच्या एका जपानी कोड्यांच्या संग्रहात ते आढळतं. कोड्याचा आशय असा, की आईसाठी दोनदा भेट होते, पण वडलांसाठी एकदाही होत नाही, तर ते काय? उत्तर आहे, ओठ!

म्हणजे ‘आई’ हा शब्द म्हणताना ओठ दोनदा भेटतात आणि ‘वडील’ म्हणताना एकदाही नाही. आजच्या जपानीत हे कोडं सुटतच नाही, कारण स्वतःच्या आईविषयी बोलताना जपानी माणूस ‘हाहा’ म्हणतो आणि वडलांना ‘चिची’. दोन्ही म्हणून बघा. ओठ कुठेच भेटत नाहीत. मग कोडं चुकलं का? नाही, आवाज बदलला. त्या काळी ‘हाहा’चा उच्चार ‘फाफा’सारखा होता, वरचा ओठ खालच्या ओठाला अलगद लागायचा. त्याच्याही आधी, फार जुन्या काळी, तो ‘पापा’ असावा असं भाषेचे अभ्यासक मानतात. जॉर्जियात वडील मामा, आणि जुन्या जपानमध्ये आई पापा! पाचशे वर्षांपूर्वी माणसं कशी बोलत होती हे सांगायला तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हतं. पण कुणीतरी मुलांच्या गमतीसाठी असावं तसं एक कोडं उतरवून ठेवलं, आणि त्यातून एक हरवलेला उच्चार हाती लागला. मला हे शोध फार भारी वाटतात.

आता जरा आकाशात बघा. आपला चंद्र कोण? चांदोमामा! समुद्रमंथनातून लक्ष्मी निघाली आणि चंद्रही निघाला, म्हणून दोघं बहीणभाऊ. लक्ष्मी सगळ्यांची आई, तेव्हा तिचा भाऊ आपला मामा, असं आपल्याकडे सांगतात. दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतातले इंका लोकही चंद्राला मामा म्हणायचे. ‘मामा किया’. पण त्यांच्या केचुआ भाषेत मामा म्हणजे आई, त्यामुळे तिथला चंद्र म्हणजे चंद्रआई! पृथ्वी ‘पाचामामा’, समुद्र ‘मामा कोचा’ आणि मका ‘मामा सारा’. जे जे पोसतं ते सगळं मामा. इंका आईच्या पोटी जन्मलेला गार्सिलासो नावाचा लेखक १६०९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात सांगतो, की कुस्को शहरातल्या देवळात चंद्राची खोली सगळी चांदीने मढवलेली होती. चंद्रग्रहण लागलं की लोकांना वाटे चंद्रआई आजारी पडली. मग ते ढोल आणि शिंगं वाजवत आणि कुत्र्यांना भुंकायला लावत, कारण चंद्राला कुत्री आवडतात अशी त्यांची समजूत होती.

जुन्या रोमच्या लॅटिन भाषेत मुलं आईला ‘मामा’ म्हणायची, आणि आईच्या ज्या अवयवातून बाळाला दूध मिळतं त्यालाही हाच शब्द होता. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली प्राण्यांचे गट पाडताना अंगावर दूध पाजणाऱ्या सगळ्या प्राण्यांना या शब्दावरून नाव दिलं, ‘मॅमेलिया’. त्याआधी या गटाला चार पायांचे प्राणी म्हणत. पण मग देवमाशाचं काय करायचं? त्याला एकही पाय नाही. लिनियसने पाय मोजायचं सोडलं आणि दूध पाहिलं. त्याबरोबर देवमासा, वटवाघूळ, उंदीर, हत्ती आणि माणूस एका गटात आले. आपण त्यांना सस्तन प्राणी म्हणतो, तो शब्दही त्याच विचाराने घडलेला आहे. मात्र मॅमथ, म्हणजे तो केसाळ प्राचीन हत्ती, ऐकायला तसाच वाटला तरी त्याच्या नावाचा मामाशी काही संबंध नाही. तो शब्द सायबेरियातून रशियन भाषेच्या वाटेने आला.

इथे थोडं सावध राहायला शिकू या. दोन भाषांत सारखा शब्द दिसला की लगेच ‘या भाषा बहिणी आहेत’ असं म्हणायचं नाही. संस्कृतातलं मातृ, लॅटिनमधलं मातेर, फारसीतलं मादर आणि इंग्रजीतलं मदर हे मात्र खरोखरच एका घरातले शब्द आहेत. या भाषा एकाच जुन्या भाषेतून निघाल्या असाव्यात हे विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्याला एका भाषणात मांडलं, आणि पुढच्या अभ्यासकांनी ते शब्दाशब्दाने तपासून पाहिलं. ‘मामा’ तसा नाही. तो कुठल्या एका आजोबा-भाषेकडून सगळ्यांना वारशाने मिळालेला नाही. जगात रोज हजारो बाळं तो नव्याने शोधून काढत असतात. आणि काही भाषांत तर तो निव्वळ योगायोग असतो. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘मामा’चा एक अर्थ ‘वजनाला हलकं’ असा आहे. हवाईमध्ये ‘मामा’ म्हणजे चावणं. व्हिएतनामी भाषेत नुसता ‘मा’ घेतला तरी सूर बदलला की अर्थ बदलतो. सपाट सुरात भूत, चढ्या सुरात आई, आणि खाली दाबलेल्या सुरात भाताची रोपं, म्हणजे आपल्या कोकणातला तरवा. आईला हाक मारताना सूर सांभाळा म्हणजे झालं!

आता घरी येऊ, कारण आपल्या मराठी मामाची गोष्ट राहिलीच. आपली नाती जरा ओळीने म्हणून बघा. काका, दादा, नाना, बाबा, मामा. घशापासून सुरुवात केली आणि दातांवरून ओठांपर्यंत आलो. जणू बाळाच्या बडबडीचे सगळे तुकडे आपण नातेवाइकांत वाटून टाकले. त्यात ‘म’ आला तो आईच्या माहेराकडे. मामा, मामी, मावशी. आणि गंमत म्हणजे खुद्द ‘आई’ या शब्दात म नाही, एकही व्यंजन नाही. नुसते दोन स्वर, त्यामुळे ओठही मिटावे लागत नाहीत. मात्र ‘माय’ म्हणा किंवा ‘माउली’ म्हणा, तिथे म लगेच हजर होतो.

मामा म्हणजे आईचा भाऊ, हे आपलं एकट्याचं नाही. नेपाळी, बंगाली, हिंदी, गुजराती, सिंहली मुलांचा मामाही तोच. अफगाणिस्तानातल्या पश्तो बोलणाऱ्या मुलांचाही तोच. समुद्रापलीकडे, इंडोनेशियात सुमात्रा बेटावर मिनांगकाबाऊ लोक राहतात. तिथे घर आईकडून मुलीकडे जातं आणि भाच्यांचं बरंवाईट बघायची जबाबदारी आईच्या भावावर असते. त्याला ते ‘मामाक’ म्हणतात.

दक्षिणेकडे उतरलं की मामाला आणखी एक अर्थ चिकटतो. तामिळ आणि तेलुगू घरांत आईचा भाऊ मामा, आणि सासरेही मामा. याचं कारण तिथली जुनी रीत. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न व्हायचं, त्यामुळे मामा आणि सासरा एकच माणूस असायचा. आपण महाराष्ट्रातले लोक उत्तर आणि दक्षिण यांच्या मधे राहतो, त्यामुळे दोन्हीकडच्या रीती आपल्याकडे मिसळल्या आहेत. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात हे तपशिलाने मांडलं आहे. तुमच्या पणजीला विचारा, ती सासऱ्यांना काय म्हणायची? खूप घरांतून उत्तर येईल, ‘मामंजी’. आणि सासूला? ‘आत्याबाई’. सून म्हणून आत्याच्या घरी जायच्या त्या रीतीची खूण या दोन शब्दांत अजून शिल्लक आहे. ही नाती सांगणारी पणजी घरात असेल तर तिच्याजवळ बसून सगळी विचारून घ्या. हे शब्द आता फार थोड्या घरांत ऐकू येतात.

बाकी आपल्या मामाने इतरही कामं अंगावर घेतलेली आहेत. रस्त्यावरच्या पोलिसाला मामा म्हणतात. कुणाला फसवलं तर ‘त्याला मामा बनवलं’ म्हणतात. नाटककार भार्गवराम वरेरकर सगळ्या महाराष्ट्राचे मामा वरेरकर झाले. आणि मलेशियात कोपऱ्याकोपऱ्यावर ‘मामाक’ नावाची खाण्याची दुकानं असतात, तिथे गरम पराठा आणि उंचावरून ओतलेला फेसाळ चहा मिळतो. ती दुकानं तिकडे गेलेल्या तामिळ मुसलमानांनी सुरू केली, आणि त्यांचं नाव तामिळ ‘मामा’वरूनच पडलं असं सांगतात.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या घरात, शेजारी किंवा इमारतीत सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं एखादं बाळ असेल, तर एक वही करा. त्याच्या आईबाबांना विचारून रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. तारीख लिहा. बाळाने कोणते आवाज काढले ते जसेच्या तसे लिहा, आपल्या मनाने सुधारू नका. तेव्हा ते काय करत होतं, भुकेलं होतं की खेळत होतं, कुणाकडे बघत होतं, हेही लिहा. म आधी आला की ब? ‘मामा’ म्हटल्यावर घरातलं कोण धावलं? हे सगळं डार्विननी केलं तेव्हा त्यांच्याजवळ फक्त कागद, लेखणी आणि चिकाटी होती. तुमच्याजवळही ते सगळं आहे.

आणि तुमच्या वर्गात तेलुगू, नेपाळी, बंगाली, कोकणी किंवा आणखी कुठलीही भाषा घरी बोलणारा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर उद्याच्या मधल्या सुट्टीत विचारा, ‘तुमच्याकडे मामा म्हणजे कोण?’ जे उत्तर मिळेल ते आम्हाला नक्की लिहून कळवा.